हस्तलिखित कोणाच्या हाती द्यावे?



गेल्या महिन्यात या पानाकडे आलेल्या पत्रांत मराठवाड्यातील एका भगिनीचे पत्र होते. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून आपण त्यांना नुसते सिस्टर म्हणू. त्या सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, आता सेवानिवृत्त आहेत. त्यांची आई त्याच रुग्णालयात सफाई कामगार होती. आईची आणि स्वतःची हकीकत त्यांनी सात वह्यांत लिहून काढली आहे. इथपर्यंत वाचून आनंदच वाटला. पुढचा मजकूर मात्र काळजीचा आहे. मोबाईलवर जाहिरात पाहून त्यांनी एका कंपनीला फोन केला. तिकडच्या माणसाने आपण 'लिटररी एजंट' आहोत असे सांगितले, दोन वह्यांचे फोटो मागविले आणि दुसऱ्याच दिवशी पुस्तक आंतरराष्ट्रीय दर्जाचे असल्याचा निर्वाळा देऊन पंचेचाळीस हजार रुपयांचे 'पॅकेज' सांगितले. त्यासाठी सिस्टर मुदत ठेव मोडण्याच्या विचारात आहेत. पत्रासोबत त्यांनी कराराची प्रतही पाठविली आहे. पैसे भरावेत का, आणि भरू नयेत तर खरा एजंट कसा गाठावा, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर एका ओळीचे आहे. सिस्टर, ठेव मोडू नका आणि त्या कागदावर सही करू नका. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण तो एकट्या सिस्टरचा प्रश्न नाही. लिहिणारी तरुण मुले-मुली आजकाल तोच प्रश्न वरचेवर विचारतात.

एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आर.टी.ओ. कचेरीच्या फाटकाशी उभा असलेला माणूस येतो. पुस्तकांच्या धंद्यातील एजंट हा निराळा प्राणी आहे. १८७५ च्या सुमारास लंडनमध्ये ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थाने हे काम व्यवसाय म्हणून सुरू केले. लेखकाचे हस्तलिखित प्रकाशकाकडे न्यायचे, सौदा ठरवायचा आणि लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून दहा टक्के आपण घ्यायचे, अशी त्याची रीत होती. आज इंग्लंड-अमेरिकेत हा दर स्वदेशातील हक्कांवर साधारण पंधरा टक्के आणि परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर वीस टक्के असतो. दर वाढला, पण मूळ नियम बदलला नाही. लेखकाला पैसे मिळाले तरच एजंटला मिळतात. हस्तलिखित वाचण्याची फी घेणारा, 'नोंदणी शुल्क' मागणारा, छपाईचा खर्च लेखकाच्या माथी मारणारा माणूस स्वतःला काहीही म्हणवून घेवो, तो एजंट नव्हे. अमेरिकेतील एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही वाचनाची फी घेण्यास मनाई आहे.

मग मराठीत असे एजंट का नाहीत? गणित करून पाहा. समजा, तुमचे पुस्तक तीनशे रुपये किमतीचे आहे आणि हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली. मराठीत छापील किमतीच्या दहा टक्के मानधन ही नेहमीची बोली. म्हणजे लेखकाच्या हाती आले तीस हजार रुपये, तेही आवृत्ती संपायला लागतील तितक्या वर्षांत. त्यातील पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. साडेचार हजार रुपयांसाठी कोण तुमचे तीनशे पानांचे बाड वाचील, सुधारणा सुचवील आणि दहा प्रकाशकांचे उंबरठे झिजवील? मराठी पुस्तकासाठी एजंट असल्याचे जो सांगतो त्याचे पोट पुस्तकाच्या विक्रीवर चालत नाही, ते लेखकाच्या खिशावर चालते, एवढे या हिशेबावरून समजावे.

आता एजंटचे काम जिथे खरोखर पडते ती जागा पाहू. तुम्ही इंग्रजीत लिहिता आणि लंडन किंवा न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे जाऊ पाहता, तर तिथला दरवाजा बहुधा एजंटच्याच हातून उघडतो. त्या संस्था थेट आलेले हस्तलिखित सहसा वाचतच नाहीत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर असलेल्या सुजाता गिडला यांचे आंध्रातील आपल्या घराण्याची कहाणी सांगणारे 'अँट्स अमंग एलिफंट्स' २०१७ साली अमेरिकेतील फरार, स्ट्राउस अँड जिरो या नामांकित संस्थेने काढले. असे पुस्तक त्या बाजारात उतरवायचे तर तिथली रीत पाळावी लागते. अरुंधती रॉय यांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन विमानाने दिल्लीला आले होते. पुढे १९९७ मध्ये त्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. भारतातही बंगळुरूची जकारांडा, जयपूरची सियाही अशा एजन्सी उभ्या राहिल्या. पण त्यांचे काम प्रामुख्याने इंग्रजीचे आणि इंग्रजीत येणाऱ्या अनुवादांचे. सात वह्या मराठीत लिहिणाऱ्या सिस्टरना पहिल्या पायरीवर त्यांचा उपयोग नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर होऊ शकेल.

पहिली पायरी आपल्याच अंगणात आहे. बेबीताई कांबळे यांचे उदाहरण घ्या. फलटणला त्या छोटेसे दुकान चालवीत. लिहिलेले कागद त्यांनी वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. फलटणमध्ये राहून शिक्षणाचे काम करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन उजेडात आले. 'स्त्री' मासिकातून १९८२ मध्ये ते क्रमशः प्रसिद्ध झाले, १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक आले आणि २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद. मासिक, मग पुस्तक, मग अनुवाद. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'चाही प्रवास असाच झाला. आधी नियतकालिक, नंतर पुस्तक. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये 'ग्रंथाली'ने काढले, आणि 'ग्रंथाली' ही तर वाचकांची चळवळ होती. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'मधून कितीतरी अनोळखी हातांना पहिली छापील ओळ मिळवून दिली. आपल्याकडे एजंटचे काम संपादकांनी केले, आणि त्याबद्दल कोणाकडून टक्का घेतला नाही.

म्हणून सिस्टरना पहिला सल्ला असा की, सात वह्या एकदम कोणाकडेही पाठवू नका. त्यातील एक प्रकरण निवडा, जे एकटे उभे राहील असे, आणि ते एखाद्या मासिकाकडे, साप्ताहिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे द्या. छापून आले तर वाचकांची पत्रे येतात, एखाद्या प्रकाशकाची नजर जाते. नाही आले तरी पंधरा पानांवर मिळालेला नकार तीनशे पानांवरच्या नकारापेक्षा सोसायला सोपा असतो.

पण पाठविण्याआधी लेखन तपासायला हवे, आणि या बाबतीत मला जरा सविस्तर लिहायचे आहे. सिस्टरनी पत्रासोबत चार पाने पाठविली आहेत. त्यातील पहिले पान आईच्या जन्माने, गावाच्या वर्णनाने आणि आजोबांच्या वंशावळीने सुरू होते. नव्या लेखकांची शेकडा नव्वद आत्मकथने अशीच सुरू होतात, असे म्हटले तर चूक होणार नाही. चौथ्या पानावर मात्र अशी हकीकत आहे : सिस्टर नोकरीवर रुजू झाल्या त्या दिवशी आई त्याच वॉर्डात फरशी पुसत होती आणि तिने मुलीला नावाने हाक न मारता 'सिस्टर' अशी हाक मारली. पुस्तक सुरू व्हावे ते इथे. वंशावळ नंतर येईल, तोपर्यंत वाचकाला त्या बाईचे माहेर कुठले हे विचारावेसे वाटू लागलेले असेल.

दुसरी गोष्ट शब्दांची. "आमच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होते" असे वाक्य त्या पानांत दोनदा आले आहे. हे वाक्य कोणाच्याही घराला चालते, म्हणून ते तुमच्या घराचे राहत नाही. त्याऐवजी असे काही लिहून पाहा : "सुगी उलगली की आई मालकाच्या रानात सरवा वेचायला जायची. दिवसभराचा सरवा पाखडून निवडला की शेर-दीड शेर ज्वारी निघायची, आणि तिच्यातली निम्मी दुकानदाराच्या उधारीत जायची." इथे दारिद्र्य हा शब्द कुठेही नाही, पण वाचकाला ते मोजून दाखविले आहे. विशेषणे रडतात, आकडे आणि वस्तू बोलतात. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आईचे बांबूच्या टोपल्या-सुपे विणणे आहे. त्या एका कामाच्या धाग्यावर सबंध पुस्तक उभे राहते आणि पुस्तकाला नावही त्यानेच दिले. सिस्टर, तुमच्या आईच्या हातात काय होते? फिनाईलची बादली, काथ्याचा झाडू, वॉर्डबॉयने ढकललेली ट्रॉली. त्यांना पानावर येऊ द्या.

बोलीविषयीही एक शंका अनेकांच्या मनात असते. आपली भाषा 'अशुद्ध' म्हणून पुस्तकी करावी काय? मुळीच करू नये. बेबीताईंनी आणि शांताबाईंनी पुस्तकाच्या नावांतसुद्धा आपली बोली राखली. मात्र एक पथ्य सांभाळा. निवेदन एका भाषेत आणि संवाद दुसऱ्या भाषेत असेल तर ती रीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ठेवा. आई पाचव्या पानावर "म्या गेले व्हते" म्हणते आणि पन्नासाव्या पानावर "मी गेले होते" म्हणते, असे झाले की वाचक ठेचकाळतो. डीटीपी करणारा मुलगा बोलीतील शब्द आपल्या मनाने 'दुरुस्त' करून टाकतो, त्याच्यावरही लक्ष असू द्या.

दया पवारांनी 'बलुतं'मध्ये एक युक्ती योजली आहे, ती पाहण्यासारखी आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो. दोघे एकच, तरी दोन. जे 'मी' म्हणून लिहिताना जीभ अडखळते, ते अशा रचनेत सांगता येते. याचा अर्थ सर्वांनी तीच रचना उचलावी असा नव्हे. नक्कल लगेच ओळखू येते. पण कोण सांगतो आहे आणि कोणाला सांगतो आहे, हे लिहायला बसण्यापूर्वी ठरवावे. सिस्टरच्या पानांत कधी त्या बोलतात, कधी आई, आणि कधी अचानक सभेतील वक्ता बोलू लागतो. वक्त्याचे परिच्छेद काढून टाकावेत. आईच्या हकिकतीने जे साधते ते भाषणाने साधत नाही.

काळाच्या खुणा पक्क्या करा. आईला आपले जन्मसाल ठाऊक नसेल, पण बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती की सुकडी आणायला रांगेत उभी होती, हे तिला आठवत असेल. मराठवाड्यातील माणसाला १९७८ साल आठवते, १४ जानेवारी १९९४ हा नामविस्ताराचा दिवस आठवतो. अशा खुणांना हकिकती बांधल्या की वये, वर्षे आपोआप जुळतात. आणि जुळत नसतील तर कुठेतरी आठवण घसरली आहे हेही कळते.

घरातील माणसांविषयी किती लिहावे, हा सर्वांत अवघड प्रश्न. बेबीताईंनी वस्तीबाहेरच्या अन्यायाइतकेच घरातल्या बायांना बसणाऱ्या माराविषयीही लिहिले. त्या लेखनाचे बळ त्यात आहे. तेव्हा वडील पीत होते हे वगळून आईची गोष्ट पूर्ण होणार नाही. पण हयात असलेल्या शेजाऱ्याचे नाव, एखाद्या बाईची खाजगी गोष्ट, सिद्ध करता येणार नाही असा आरोप, यांबाबत सावध असावे. नाव बदलल्याने हकिकतीचे सत्य कमी होत नाही. छापण्यापूर्वी ते प्रकरण त्या प्रसंगी हजर असलेल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. मावशी "तसं नव्हतं गं" म्हणाली की लेखणी उचला. मावशीचे सगळेच ऐकावे असे मात्र नाही.

एवढे झाल्यावर टंकलेखन. युनिकोडमध्ये करून घ्यावे. जुन्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य अक्षरे दिसतात आणि संपादक तो तिथेच सोडून देतो. पानाला क्रमांक, पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि एकूण शब्दसंख्या. मूळ वह्या कधीही, कोणालाही पाठवू नयेत. झेरॉक्स पाठवावी.

आता पत्र. इंग्रजी जगात एजंटला जे पत्र लिहितात ते एका पानाचे असते आणि त्यावरच तो पुढची पाने मागवायची की नाही हे ठरवितो. मराठी प्रकाशकालाही तसेच पत्र लिहिले तर बिघडत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो. आपल्याकडे येणारी पत्रे बहुधा अशी असतात : "मी एक सामान्य गृहिणी असून साहित्याची आवड आहे. माझे लेखन आपणास आवडेल अशी आशा आहे. चूकभूल द्यावी घ्यावी." यात पुस्तक कुठे आहे? सिस्टरसाठी मी एक नमुना करून पाहिला आहे, त्यांनी तो आपल्या शब्दांत बदलून घ्यावा :

"माझी आई ज्या वॉर्डाची फरशी पुसत असे त्याच वॉर्डात मी परिचारिका म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी तिने मला 'सिस्टर' अशी हाक मारली. सरकारी रुग्णालयाच्या एकाच इमारतीत दोन पिढ्यांनी केलेल्या नोकरीची ही हकीकत आहे. सफाई कामगार आणि परिचारिका, दोघींच्या नजरेतून रुग्णालय कसे दिसते, घरी परतल्यावर त्या दोघी एकमेकींशी काय बोलत, आणि आईच्या निवृत्तीच्या दिवशी काय घडले, ते यात आहे. लेखन पूर्ण झाले असून सुमारे साठ हजार शब्दांचे आहे. सोबत पहिले प्रकरण आणि दोन पानांचा सारांश जोडला आहे. यातील एक प्रकरण अमुक मासिकात प्रसिद्ध झाले आहे. हेच हस्तलिखित मी आणखी दोन प्रकाशकांकडे पाठविले आहे, हे आपल्या माहितीसाठी."

पाहा, यात विनवणी नाही आणि बढाईही नाही. सारांशात शेवट लपवू नये. तो वाचकासाठी नसतो, निर्णय घेणाऱ्यासाठी असतो. पुस्तक एकाच वेळी दोन-तीन प्रकाशकांकडे पाठविण्यास हरकत नाही, मात्र तसे कळवावे. कथा किंवा लेख याबाबत उलटा नियम पाळावा. एकच कथा दोन दिवाळी अंकांत छापून आली की दोन्ही संपादक दुखावतात, आणि संपादकांची स्मरणशक्ती चांगली असते. उत्तराची तीन महिने वाट पाहून एक स्मरणपत्र टाकावे. त्यानंतरही उत्तर आले नाही तर नकार समजून पुढे जावे, रुसून बसू नये.

सिस्टरनी पाठविलेल्या कराराकडे वळतो. त्यात तीन कलमे वाचून मी थबकले. पुस्तकाचे सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क कायमचे कंपनीकडे. लेखिकेने पहिल्या शंभर प्रती विकत घ्यायच्या. आणि 'आयएसबीएन व कॉपीराइट' यासाठी वेगळे सहा हजार. शेवटचे आधी घेऊ. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. कॉपीराइट तर लिहिल्या क्षणापासून लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीचे सरकारी शुल्क पाचशे रुपये आहे. मग सहा हजार कशाचे?

हक्कांच्या कलमाचा धोका मोठा आहे, आणि तो बऱ्याच लेखकांना दिसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याचा व वारसांचा असतो. 'सर्व हक्क कायमचे' अशा एका ओळीने सिस्टर आपल्या नातवंडांच्या हक्काचेही दान करून बसतील. उद्या कोणी इंग्रजी अनुवाद करू इच्छील, कोणी नाटक किंवा चित्रपट करू पाहील, तर परवानगी देणारी ती कंपनी असेल. आईच्या आयुष्याची गोष्ट, आणि सही परक्याची! कायद्याचे कलम १९ सांगते की हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असल्याखेरीज वैध नाही. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतीच. वेगळे काही ठरलेले नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरणाऱ्याचा तो हक्क संपतो. म्हणजे कायदा गप्प बसलेल्या लेखकाला बऱ्यापैकी सांभाळतो. घात होतो तो न वाचता सही करणाऱ्याचा. प्रकाशकाला द्यावा तो मराठी पुस्तकाचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी किंवा ठरावीक आवृत्तीपुरता. अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट, ध्वनिपुस्तक हे आपल्याकडे राहतील असे स्पष्ट लिहून घ्यावे. मानधन कोणत्या किमतीवर, हिशेब वर्षातून केव्हा, आणि पुस्तक अनुपलब्ध झाल्यास हक्क परत कधी, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नये. चांगला प्रकाशक त्यावर रागावत नाही.

इथेच एजंटचा खरा उपयोग समजतो. अनुवादाचे हक्क तुमच्या हाती असतील, एखाद्या अनुवादकाला पुस्तक आवडून त्याने वीस-तीस पाने नमुना म्हणून इंग्रजीत केली असतील, तर ती पाने आणि एका पानाचे पत्र घेऊन इंग्रजीतील एजंटकडे किंवा प्रकाशकाकडे जाता येते. दिवसही बरे आहेत. गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीच्या अनुवादाला २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या अनुवादाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. त्याची पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. अनुवादकाचा वाटा आणि मुखपृष्ठावर नाव, या गोष्टी आधीच ठरवाव्यात. तोही लेखकच आहे.

मग स्वतः पैसे घालून पुस्तक काढणे कमीपणाचे आहे काय? नाही. १९३६ च्या परिषदेसाठी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, छापील भाषण पाहिल्यावर काही भाग गाळण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषदच रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने काढले. इंग्रजी आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. इथे पैसे लेखकाचे होते, पण शब्द, प्रती आणि हक्कही लेखकाचेच होते. सिस्टरपुढे ठेवलेल्या करारात पैसे तेवढे त्यांचे आहेत. स्वतःच काढायचे झाले तर मुद्रकाकडून थेट दरपत्रक घ्यावे, मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे धरावेत आणि प्रती जेवढ्या विकता येतील तेवढ्याच छापाव्यात. पलंगाखाली गठ्ठे ठेवून झोपणारे कवी प्रत्येक तालुक्यात आहेत. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. त्या त्या वर्षीची जाहिरात पाहून अर्ज करावा.

आणखी एक. कंपनीकडे गेलेल्या दोन वह्यांच्या फोटोंबद्दल सिस्टरना धास्ती वाटते आहे. सही केलेली नसल्याने त्या मजकुरावर कोणाचाही हक्क निर्माण झालेला नाही. तरीही मजकूर कोणत्याही स्वरूपात वापरण्यास आपली परवानगी नाही, असा एक ई-मेल कंपनीला आजच पाठवावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. पुढे कोणाच्याही नावाने छापून आल्यास तो पुरावा उपयोगी पडेल. त्या वह्यांवर घातलेल्या तारखाही उपयोगी पडतील.

दिवाळी अंकांविषयी ज्यांनी विचारले आहे त्यांच्यासाठी : साहित्य जून-जुलैपर्यंत पोहोचले तर संपादकाला ते सावकाश वाचता येते. गणपतीनंतर आलेली पाकिटे पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जातात. पाठविताना अंक आधी एकदा विकत घेऊन किंवा वाचनालयात बसून वाचावा, म्हणजे तो अंक आत्मकथन छापतो की केवळ कथा-कविता, हे समजेल आणि टपालखर्च वाचेल.